आमची वाटचाल : लाल रंगापासून तिखटापर्यंत

लालबागच्या मसाला गल्लीत आम्ही सुरुवातीला लोकांच्या मिरच्या डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, कुटून द्यायचो. आता स्वतःचे मसाले विकतो, सुटे आणि पाकिटातलेही. मसाला कुटणं हातात लवकर बसलं. गिऱ्हाईक तो पारखतं कसा, हे कळायला मात्र फार वर्षं लागली.

गिऱ्हाईक रंगावरून तिखटपणा ठरवतं. पण रंग कॅप्सॅन्थिनचा आणि तिखट कॅप्सेसिनचं. दोन्ही वेगळी द्रव्यं. ब्याडगी गडद लाल असूनही सौम्य, तर लवंगी जाळ. रंगाच्या भरवशावर घरी नेहमीचे दोन चमचे पडतात आणि कालवण एकतर मिळमिळीत होतं, नाहीतर तोंडात घालवत नाही. म्हणून प्रत्येक डब्यावर रंग आणि तिखट यांचे अंक आम्ही वेगवेगळे लिहितो.

स्वस्त एलईडी दिव्यात लाल छटा नीट उठत नाही. ताजा मसालाही तपकिरी दिसतो आणि गिऱ्हाईक तो जुना समजून पुढे जातं. दिवा घेताना सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात, त्याचा अंक) ९० च्या वर आणि आर-नाइन (तसाच गडद लाल रंगाचा अंक) ५० च्या वर आहे का, ते बघा. लाल बल्ब लावून रंग खुलवणं आम्हाला मान्य नाही. घरच्या उजेडात पाकीट उघडलं की विश्वास जातो. उजेड आणि हवा लागून रंग उडतो, त्यामुळे दाखवायच्या ताटलीत १०० ग्रॅमच ठेवतो, तेही रोज बदलून.

खरी अडचण नाकाची. आमच्या दारात पोचेपर्यंत गल्लीतल्या वासांनी नाक बधिर झालेलं असतं. कोरडा मसाला नाकाशी धरला तर शिंकाच येतात. त्यापेक्षा कढल्यात १० मिली तेल कोमटाच्या थोडं वर तापवायचं, गॅस बंद करायचा आणि मग पाव चमचा मसाला टाकायचा. सुगंधी द्रव्यं तेलात विरघळतात आणि उष्णतेने वर येतात. तेल धुरावलं तर मिरची करपते आणि अख्खं दुकान खोकत बसतं. एका वेळी तीनच मसाले दाखवतो, आणि दोन वासांच्या मध्ये गिऱ्हाइकाला थोडा वेळ देतो. चौथ्याला नाक फरक सांगत नाही, माणूस गोंधळतो आणि काहीच न घेता निघतो.

चव मोकळ्या भातावर, सौम्याकडून तिखटाकडे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून मध्ये पाणी नको, दही द्या.

दरवर्षी मिरचीचा माल बदलतो. जुन्या-नव्यातला फरक लोकांना कळतो का, हे पाहायला ३० जणांपुढे तीन-तीन वाट्या ठेवतो : दोन सारख्या, एक वेगळी, वर तीन आकडी नंबर. वेगळी कोणती, ते त्यांनी ओळखायचं. दोन वाट्या जुन्या की नव्या आणि वेगळी कुठे, यावरून मांडणीचे सहा प्रकार, प्रत्येक पाच जणांना. निव्वळ अंदाजाने साधारण १० जण बरोबर येतात; १५ किंवा जास्त आले, तर फरक खरंच कळतोय असं धरून प्रमाण पुन्हा जुळवतो. रंगावरून कोणी ओळखू नये, म्हणून या चाचणीच्या खोलीत मात्र लाल बल्बच लावतो.