न पिसलेले पत्ते

मोबाइलवर पत्त्यांचा एक नवा खेळ उतरवून घेतला. उघडल्याबरोबर पडद्यावर एक हात आला. पांढरा, मनगटापर्यंतचा, तर्जनी पुढे केलेला. बाकी सगळं अंधारलं, माझ्या पत्त्यांपैकी एकच उजळला आणि त्या पत्त्यापासून पटाच्या मध्यापर्यंत तो हात सरकू लागला. धर, ओढ, सोड. पुन्हा धर, ओढ, सोड. मी मुद्दाम दुसरा पत्ता दाबून पाहिला. ढिम्म. पाळी संपवायचं बटण दाबलं, तेही मुकं. कुठेतरी ‘वगळा’ असं लिहिलेलं असेल म्हणून चारही कोपरे धुंडाळले. शेवटी निमूटपणे तो सांगत होता तेच केलं, तर असा काही लखलखाट झाला की जणू मी गडच सर केला.

आयुष्यभर पत्ते कुटलेल्या बाईला हे जरा झोंबतंच. पण आता खरं सांगते, मला या ट्युटोरियलांचा नाद लागलाय. खेळ पुढे फारसा खेळायचा नसला तरी त्याची शिकवणी तेवढी मी पुरी करते. कारण तिथे एक बनाव चाललेला असतो, आणि आपल्या भल्यासाठी चाललेला बनाव बघायला मजा येते.

‘हार्थस्टोन’ हा पडद्यावरचा पत्त्यांचा खेळ २०१४ साली आला तेव्हा त्याच्या शिकवणीत सहा लढती होत्या. पहिला प्रतिस्पर्धी हॉगर नावाचा गुरगुरणारा लांडगेतोंड्या, शेवटचा इलिडन. खऱ्या डावात काय काय असतं ते बघा: ३० पत्त्यांची गड्डी, नायकाचे प्राण ३०, सुरुवातीला नको असलेले पत्ते बदलून घ्यायची मुभा, आणि ज्याची पाळी दुसरी त्याला एक पत्ता जास्त, वर एक नाणं. हॉगरसमोर उभं करताना यातलं जवळपास काहीच सांगत नसत. सांगायचे एवढंच, की हा तुझा सैनिक, याला खाली ठेव.

पत्ता खाली ठेवायला माना लागतो, म्हणजे खर्चायची शक्ती. पहिल्या पाळीला मानाचा एकच स्फटिक असतो, पुढे दर पाळीला एकेक वाढत तो दहापर्यंत जातो. खेळाच्या समतोलासाठीच ही रचना असेल असं मी बरेच दिवस धरून चालले होते. नंतर लक्षात आलं, की शिकवणी इथेच दडलेली आहे. एका स्फटिकात जमून जमून काय जमणार? एखादा किरकोळ पत्ता. चुकायचं म्हटलं तरी फार चुकता येत नाही. दुसऱ्या पाळीला जरा जास्त, तिसऱ्याला आणखी जरा. प्रत्येक डाव बालवाडीपासून सुरू होतो आणि आठव्या-नवव्या पाळीपर्यंत डोकं तापवतो. या साऱ्या खेळांचं मूळ म्हणजे ‘मॅजिक: द गॅदरिंग’, रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला आणि १९९३ साली आलेला. त्यात ही शक्ती जमिनीच्या पत्त्यांतून येते, आणि ते पत्तेही त्याच गड्डीत पिसलेले असतात. म्हणजे हातात एकाहून एक अजस्र प्राणी, आणि त्यांना उतरवायला जमीनच नाही. पाळ्यांमागून पाळ्या नुसतं बघत बसायचं. नवख्या माणसाला पहिल्याच डावात असं नशीब भेटलं तर तो दुसरा डाव कशाला मांडेल?

मला सगळ्यात आवडते ती झोप. हार्थस्टोनमध्ये नुकताच मांडलेला सैनिक सहसा त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही. हा नियम कागदावर समजवायचा तर अपवादांसकट परिच्छेदभर मजकूर होईल. तिथे काय केलंय, तर नव्या सैनिकाच्या अंगावरून घोरण्याची अक्षरं तरंगत ठेवलीत. बस. झोपलेल्याला लढायला पाठवत नाहीत, हे शिकवावं लागत नाही. पुढच्या पाळीला तो उठतो, कडेने हिरवा उजळतो, आणि बोट आपसूक त्याच्याकडे जातं. कुणी काही सांगितल्याचं आठवतही नाही.

पण बनाव म्हटला तो वेगळा. शिकवणीतले पत्ते बहुतेक वेळा पिसलेलेच नसतात. तिसऱ्या पाळीला अगदी हवा तोच पत्ता हातात येतो, आपण स्वतःच्या नशिबावर खूश होतो, आणि तो तिथे यायचा हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. समोरचाही हरण्यासाठीच बसवलेला. मी एकदा एका खेळात, त्याचं नाव जाऊ दे, ठरवून हरायचा प्रयत्न केला. बाणांनी दाखवून द्यायचा पहिला भाग संपला आणि हात मोकळे झाले, तशी मी काहीच न करता नुसती पाळी संपवत राहिले. समोरचा राक्षस गडबडला. माझ्यावर घाव घालायचा सोडून तो माझ्या एका फडतूस सैनिकाला झोडपू लागला. मग तोही संपला, तर राक्षस रिकामी पाळी देऊन गप्प. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. एवढा मोठा सुळेवाला राक्षस, पण मला मारायची त्याला परवानगीच नव्हती! शेवटी मलाच त्याची दया आली आणि मी त्याला मारून मोकळं केलं.

काही खेळ या भानगडीत पडत नाहीत. ‘स्ले द स्पायर’मध्ये शत्रू पुढच्या पाळीला काय करणार ते त्याच्या डोक्यावरच चिन्हाने आणि आकड्याने दिसतं, आपण पाच पत्ते आणि तीन शक्ती यांत काय ते बसवायचं. शिकवणी जवळपास लागतच नाही, कारण तो खेळ शेवटपर्यंत काही लपवत नाही, आणि तरीही पुरता लोळवतो. ‘मार्व्हल स्नॅप’ची गड्डीच १२ पत्त्यांची आणि डाव सहसा सहा पाळ्यांचा, त्यामुळे शिकवेपर्यंत डाव आटोपलेलाही असतो. आणि १९९० साली विंडोजसोबत जो सॉलिटेअर आला, त्याने तर म्हणे लोकांना माउसने वस्तू धरून ओढायला शिकवलं. तिथे पत्त्यांचा खेळ हीच शिकवणी होती, विषय वेगळा होता इतकंच.

मॅजिकच्या सविस्तर नियमांची दोनशेहून जास्त पानं भरतात. त्यात अगदी सुरुवातीलाच एक नियम असा, की पत्त्यावरचा मजकूर आणि नियम यांत विरोध आला तर पत्ता खरा. म्हणजे नियम पाठ करूनही उपयोग नाही, समोरचा पत्ता वाचता आला पाहिजे. त्यामुळे कुठलीही शिकवणी सगळा खेळ शिकवायच्या नादी लागली की बुडालीच. दोन गोष्टी सांगून थांबायचं. हे थांबणं मला जमत नाही.

याचा दाखला माझ्या भाचीकडे आहे. तिला मी साधे कागदी पत्ते शिकवायला बसले. दोघींतला हुकमाचा डाव. म्हटलं, “ज्या रंगाचं पान पडलं त्याच रंगाचं टाकायचं. नसेल तर हुकूम मारायचा, पण मारायलाच पाहिजे असं नाही. एक्का सगळ्यात मोठा. हात ज्याचा, उतारी त्याची. आणि हो, एक राहिलंच...” अशी चार ‘राहिलंच’ झाल्यावर ती म्हणाली, “मावशी, आपण खेळायचं कधी?” मग पाच मिनिटांनी मोबाइल उचलून पांढऱ्या हाताच्या मागे मुकाट्याने जाऊ लागली. मला अपमान वाटला, आणि त्याच रात्री मी पत्ते लावायला घेतले.

लावायला म्हणजे, न पिसता. पहिल्या हाताला तिच्याकडे बदामाचं एकच पान हवं, म्हणजे दुसरं टाकायचा प्रश्नच नको. दुसऱ्या हाताला बदाम नको आणि हुकूम हवा, म्हणजे मारण्यातली गंमत कळेल. तिसऱ्याला तिच्या हाती राजा आणि माझ्याकडे राणी. सोपं वाटलं होतं. पण तिला हात दिला की उतारी तिच्याकडे जाते, आणि मग ती इस्पिक उतरेल की चौकट, कोण सांगणार? एक पान हलवलं की पुढचे सगळे हात कोसळायचे. अखेर शेवटून सुरुवात केली, आधी सहावा हात ठरवला आणि मागे मागे येत गेले. दीड तास गेला. खेळातल्या त्या राक्षसामागे कुणीतरी असंच बसलं असेल, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. आणि माझ्याकडे तर पडदा अंधारायची सोयही नव्हती.

दुसऱ्या दिवशी डाव मांडला. पहिला हात माझा. दुसऱ्यावर हुकूम मारून तिने टाळी वाजवली. तिसराही तिचाच. चौथ्याला मी चांगला गुलाम हातात ठेवून दुर्री टाकली, तशी ती पत्ते खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली.

“तू मुद्दाम हरतेयस.”

“छे.”

“दाखव पानं.”

दाखवावी लागली. तिने सगळे पत्ते गोळा केले, दोन्ही हातांत मावेनात तरी छातीशी धरून पिसले, निम्मे जमिनीवर सांडले, ते उचलून पुन्हा पिसले आणि वाटले. पहिले दोन हात मी घेतले. तिसऱ्याला किलवर उतरले. तिच्याकडे किलवर नव्हतं, हे तिच्या शोधण्यावरूनच कळलं, आणि हुकूम तर असणारच. ती पानं मागेपुढे करत राहिली. न राहवून माझं बोट पुढे गेलं.

तिने पत्ते छातीशी धरले. “बोट नको.”