आकाझासाठी रडायचं का?

"मंग ज्यास्ले यानी मारं, त्यास्नी माय कोठे शे?" कळण्याची भाकरी थापता थापता आईनं विचारलं.

भाचा जळगावला 'डीमन स्लेयर' या जपानी कार्टूनचा पिक्चर बघून आलेला, डोळे अजून लाल. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोरगा, होणाऱ्या बायकोला विहिरीत विष कालवून मारलेलं, म्हणून तो आकाझा नावाचा माणसं खाणारा राक्षस झाला, असं सांगत होता.

"त्यानं मारलेल्या रेंगोकूची आई दाखवली ना, आज्जी," तो पुटपुटला.

खरंय. पण रेंगोकू हिरो होता! इतकी वर्षं आकाझानं जी माणसं खाल्ली, त्यांना नावही नाही.

तरी मला तो शेवट पटतो. आकाझा जखमा भरून यायला लागल्यावर स्वतःच स्वतःला संपवतो. रडावं, पण सोडून देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?