गोऱ्हे बुद्रुकचा बिल्ला

सकाळी सव्वाआठला नोंदणीच्या टेबलापाशी एक मुलगी बिल्ला हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "दादा, हे आमचं गाव नाही."

यादी पाहिली. नाव बरोबर, कॉलेज बरोबर. गाव गोऱ्हे बुद्रुक, खडकवासल्याच्या बाजूचं. बिल्ल्यावर मात्र 'गोर्हे बुद्रुक' होतं. ह च्या डावीकडे जी छोटी वळलेली रेघ हवी, तिच्याऐवजी डोक्यावर रफार चढून बसला होता. मी मार्करने कोऱ्या बिल्ल्यावर तिचं नाव-गाव लिहून दिलं. मागे रांग जिन्यापर्यंत गेली होती.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. पुण्यातल्या आमच्या पायथन मंडळींच्या परिषदेत मी तीन वर्षं स्वयंसेवक आहे. बाहेरच्यांना वाटतं, या कामात भाषणं ऐकायला मिळतात. मला तीन वर्षांत मिळून दोन ऐकता आली. तिकीट फुकट ठेवलं तर नोंदणी करून लोक येतच नाहीत आणि जेवण वाया जातं, म्हणून 200 रुपये लावावे लागतात. त्यावरही भांडणारे असतात, आणि बहुतेक वेळा ते चांगल्या पगाराचे असतात.

बिल्ले देवनागरीत छापायचा हट्ट माझा. "इथे सगळे कोड इंग्रजीतच लिहितात, रोमनमध्ये छापून मोकळे होऊ," असं बैठकीत ठरत आलं होतं. पुण्यात भरणाऱ्या परिषदेत माणसाचं नाव त्याच्या लिपीत नको, हे मला पटेना. पहिल्या छपाईत 'निकिता'च्या दोन्ही वेलांट्या अक्षरांच्या उजवीकडे पडल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं क्रमांकांनी साठवायच्या पद्धतीत, पहिली वेलांटी व्यंजनानंतर साठवतात आणि दिसताना ती आधी यावी लागते. ही जुळणी करायला वेगळं इंजिन लागतं, आमची पीडीएफ लायब्ररी ते वापरतच नव्हती. क्रोममध्ये ते काम हर्फबझ नावाचं इंजिन करतं. मग सगळे बिल्ले एचटीएमएलमध्ये मांडले, मुक्ता फॉन्ट लावला आणि क्रोममधूनच पीडीएफ काढली. रात्री एक वाजता 312 बिल्ले तयार झाले. जोडाक्षरं अशी नेटकी बसली होती की मी त्या कागदांचे फोटो काढून ठेवले.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी परत आली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. "पण असं झालं कसं?" तिने विचारलं. मी लॅपटॉप उघडला.

चूक माझ्याच एका ओळीत होती. लोक फोनवरून फॉर्म भरतात, कुणाच्या हिंदी कीबोर्डमुळे नावात नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, येतो आणि एकच आडनाव यादीत दोन ठिकाणी लागतं. म्हणून मी सगळा मजकूर एनएफडी पद्धतीने सुटा करून, म्हणजे अक्षरं आणि त्यांना चिकटलेल्या खुणा वेगळ्या करून, त्यातले नुक्ते उडवले होते. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, 0931. पण एनएफडी केलं की त्याचे दोन तुकडे होतात: र, म्हणजे 0930, आणि नुक्ता, 093सी. नुक्ता गेला आणि उरला साधा र. ऱ्हे चा र्हे झाला. दऱ्या आणि दर्या यांतला फरक मराठी पोराला शाळेतच कळतो, माझ्या त्या ओळीला तो दिसला नाही.

"तपासताना कोणती नावं घेतली होती?" तिने विचारलं.

आमच्याच आठ स्वयंसेवकांची. त्यात एकही ऱ नव्हता.

तिने मूळ यादीत ऱ शोधायला सांगितलं. सहा नोंदी निघाल्या, त्यातल्या तीन कऱ्हाडच्या. म्हणजे तिच्याखेरीज पाच जण सकाळपासून चुकीचा बिल्ला गळ्यात घालून फिरत होते आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यातल्या एकाने तर मंचावर भाषण केलं होतं, फोटोही झाले होते.

मंचावरून सांगून पाच जणांना बोलावू या, असं मी सुचवलं. प्रोजेक्टरच्या केबलने आधीच वीस मिनिटं खाल्ली होती. "आता नको, कुणाच्या लक्षातही आलं नसेल," संयोजक म्हणाला. तो दिवसभर पायावर उभा होता, त्याच्यावर राग नाही. पण मी त्याचं ऐकायला नको होतं.

पाचपैकी दोघे शोधून सापडले. एक काका, वय पन्नाशीच्या पुढे, नुकतंच पायथन शिकायला लागलेले. मी नवा बिल्ला पुढे केला तर म्हणाले, "असू द्या हो. सगळीकडे असंच छापून येतं आमचं." घेतला मात्र त्यांनी, आणि जुना खिशात ठेवला.

ती ओळ त्याच संध्याकाळी काढली. चाचणीच्या फाइलमध्ये आता पहिलं नाव गोऱ्हे बुद्रुक आहे. ते तिनेच टाइप केलं, माझ्या लॅपटॉपवर, उभ्या उभ्या.

सहा वाजता दारापाशी खोका ठेवला. गळ्यातल्या पट्ट्या पुढच्या वर्षी वापरायच्या म्हणून आम्ही परत घेतो. पट्ट्यांतून बिल्ले सोडवत बसलो होतो, तर मला न सापडलेल्या तिघांपैकी एकाचा हाती लागला. 'कर्हाड'मधला रफार निळ्या बॉलपेनने नीट खोडलेला होता, आणि ह च्या डावीकडे ती छोटी वळलेली रेघ काढलेली होती.