पियानो आणि स्ट्रिंग्ज, महिना तिसरा: भात्याची सवय

मैत्रिणीच्या कल्हईवाल्यावरच्या छोट्या फिल्मसाठी पार्श्वसंगीत करतेय, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता नववी आवृत्ती चालू आहे. पहिल्या पाच ऐकवण्यासारख्या नाहीत.

मोठी अडचण माझ्या बोटांतच निघाली. लहानपणी सात वर्षं पेटी शिकले. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच येतो. लहान-मोठा करतो तो भाता. त्यामुळे रीपरमध्ये (संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) पियानोचा मिडी, म्हणजे वाजवलेल्या सुरांची नोंद, उघडून पाहिला तर सगळ्या नोट्सची व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबल्याचा जोर, १२७ पैकी ९५ ते ११०! लॅब्स या सॉफ्टवेअर वाद्यसंग्रहातला सॉफ्ट पियानो लावला होता, तरी तो बिचारा किती सॉफ्ट राहणार? मग पंधरा दिवस फक्त पाच सुरांचा रियाझ केला, ३० ते ५० च्या मध्ये राहून. आता वरचा सूर ५५ आणि खालचे ३५ असं निदान दहातल्या सहा वेळा जमतं. डावा हात आयुष्यभर भात्यावर राहिलेला, पट्ट्यांवर तो अजून पाहुण्यासारखाच वागतो. त्याला एका वेळी दोनच सूर दिलेत, षड्ज आणि पंचम.

स्ट्रिंग्जला, म्हणजे कीबोर्डवर वाजवायच्या व्हायोलिन वगैरेंच्या आवाजाला, मात्र हाच हात कामी आला. मॉड व्हील (कीबोर्डवरचं चाक, इथे आवाज लहान-मोठा करणारं) म्हणजे भाताच की! उजव्या हाताने सूर धरायचा, डाव्याने फुलवायचा. पहिल्या दिवशीच जमलं. जरा जास्तच जमलं. सवयीने दर बारला (चार ठोक्यांना) एक झोका देत होते. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही व्हायोलिनं धापा का टाकतायत?" आता चार बार मिळून एकच चढ-उतार, चाक २० पासून ७० पर्यंत. शिवाय या आवाजाचा आरंभ संथ आहे, सूर उमलायला वेळ लागतो, म्हणून पूर्ण ट्रॅक ९० मिलिसेकंद अलीकडे सरकवला. तोवर स्ट्रिंग्ज पियानोच्या मागे फरफटत यायच्या.

टेम्पो मिनिटाला ७५ ठोके ठेवला, त्यामागे हिशेब आहे. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे एका ठोक्याला बरोबर २० फ्रेम. एक बार ३.२ सेकंदांचा. तापलेलं भांडं पाण्यात बुडतं आणि चर्र होतं, तो क्षण ७९.४ सेकंदांवर होता. मैत्रिणीने आधीचा शॉट १५ फ्रेम लांबवला आणि तो ८० वर आला, पंचविसावा बार संपतो नेमका तिथे. तिथे मी काहीच वाजवत नाही. दोन बार नुसतं चर्र आणि वाफ. स्ट्रिंग्ज येतात त्या आधीच, नवसागराचा पांढरा धूर उठतो तेव्हा.

निवेदनाशी झालेली टक्कर सोडवायला सगळ्यात जास्त दिवस गेले. मैत्रिणीचा बोलण्याचा आवाज २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे काळी चारच्या जवळ. माझ्या कॉर्डचे मधले सूर बरोबर तिथेच बसले होते. मी आवाज कमी करत गेले, तरी शब्द चिखलात रुतल्यासारखे. शेवटी मधले सूर काढूनच टाकले: खाली डाव्या हाताचे दोन, वर पियानोची ओळ, मध्ये तिची जागा. व्यंजनं स्पष्ट यावीत म्हणून स्ट्रिंग्जना ३ किलोहर्ट्झपाशी ३ डेसिबलचा कट दिला, म्हणजे तेवढ्याच भागातला आवाज कमी केला. हे ईक्यूचं, म्हणजे आवाजाचा एखादा भाग कमी-जास्त करण्याचं, काम नंतर केलं तरी चालतं. आधी सूर हलवा, असं माझं मत. आवाज कमी करून केलेली जागा जागाच नसते.

आता राहिला शेवटचा बार. फिल्म ९६ सेकंदांची, तीस बार पूर्ण. पण पियानोच्या खालच्या सुराचं रिव्हर्ब (मागे घुमत राहणारा नाद) पडदा काळा झाल्यावरही तीन-चार सेकंद रेंगाळतं. मैत्रीण म्हणते, काप. मी म्हणते, पडदा काळाच राहू दे तोवर. कालपासून दोघींपैकी कुणीच फोन केलेला नाही.