मी न पाहिलेला पूर

प्रदर्शनाच्या माहितीपत्रकासाठी मनोगत लिहायला बसले तेव्हा सुचलेलं पहिलं वाक्य असं होतं: 'निसर्गाच्या रौद्र रूपापुढे ताठ उभ्या राहिलेल्या माणसाच्या जिद्दीला ही चित्रे अर्पण.' मला ते फार आवडलं. आप्पांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवलं. ते बशीत चहा ओतत होते. चहा पिऊन झाला, बशी खाली ठेवली, आणि म्हणाले, "रौद्र रूप हुतं खरं. पण तू कुठं हुतीस त्येवेळी?"

मी पुण्यात होते.

ऑगस्ट २०१९. मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवत होते. कोल्हापूरच्या माणसाला पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी पाठ असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्या आठवड्यात मी वर्गात मुलांना स्थिरचित्र लावून द्यायचे आणि बाकाखाली फोन बघायचे. ४९. ५१. ५३. शेवटी ५५ फूट ७ इंच. घरचे राजारामपुरीत मावशीकडे गेलेत एवढं कळलं, मग फोनच लागेना. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली, एसटी बंद. शहरात दूध नाही, पेट्रोल नाही, आणि मी इकडे 'आंब्याच्या पानाची छटा बघा' असं सांगतेय. रस्ता सुटला तशी पहिल्या गाडीनं गेले. तोवर पाणी उतरलं होतं.

म्हणजे मी पूर पाहिलाच नाही. पाहिली ती फक्त रेघ.

आप्पा बोर्ड पेंटर. शुक्रवार पेठेत खाली दुकान, वर आम्ही. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, तालमीच्या मारुतीचा शेंदरी चौकट, सगळं त्यांनी केलं. फ्लेक्स आला आणि काम आटलं, पण दुकान त्यांनी मोडलं नाही. चाळीस वर्षांत ब्रश पुसून पुसून एक अख्खी भिंत रंगलेली. मी गेले तेव्हा त्या भिंतीचा वरचा भाग तसाच होता आणि जमिनीपासून ४ फूट १० इंचांवर एक सरळ रेघ. खाली सगळं एकाच रंगाचं. मोजलं आप्पांनीच, टेपनं. सवय.

जवळ जाऊन बघितलं तर रेघ एक नव्हती. पाणी उतरताना थांबत थांबत उतरलं होतं, म्हणून खाली आणखी बारीक बारीक रेघा, वहीच्या पानासारख्या. आणि एका कोपऱ्यात एनामलचा लाल डबा तरंगत येऊन कलंडला असावा. त्याचा रंग पाण्यावर पसरून भिंतीला लागला होता. तेवढ्या चार हातांत रेघेला लाल काठ, इरकलीला असतो तसा. मी तो काठ बघत किती वेळ उभी होते माहीत नाही. आई म्हणाली, "बघत काय बसलीयास, खराटा घे."

'मातीतून रंग करायची प्रेरणा कुठून मिळाली?' हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला. एका मुलाखतीत तर मी आबालाल रहिमान यांचं नाव सांगून मोकळी झाले. म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. जे. जे.त शिकलेला, शाहू महाराजांच्या पदरी राहिलेला, कोटितीर्थ तलावाच्या काठानं तासन् तास चित्रं काढणारा हा माणूस आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो. शेवटी रंग घ्यायला पैसे नसायचे म्हणून ते झाडपाला आणि दगड कुटून रंग करायचे असं सांगतात. महाराज गेले तेव्हा त्यांनी आपली चित्रं पाण्यात सोडली अशीही आख्यायिका आहे. ही दुसरी गोष्ट मला कधी नीट पटलेली नाही. ज्याला कागदसुद्धा जपून वापरावा लागतो तो चित्रं बुडवेल? पण मुलाखतीत चांगली वाटते, हे खरं.

खरी हकिकत एवढीच की गटार तुंबलं होतं. खरवडलेला गाळ गटारात टाकू नका, असं सगळ्या गल्लीत एकमेकांना सांगणं चाललेलं. ट्रॅक्टर येईल तेव्हा येईल. म्हणून मी तो रिकाम्या एनामलच्या डब्यांत भरून जिन्याखाली ठेवला. ट्रॅक्टर आला तेव्हा जिन्याखालचे डबे कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. दिवाळीला गेले तर गाळ वाळून भेगाळलेला, आणि रंग बदललेला. ओला असताना काळपट होता, वाळल्यावर राखाडी, त्यात किंचित जांभळी झाक. असला राखाडी ट्यूबमध्ये मिळत नाही. काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखाडी मेलेला असतो.

मग ते काम सुरू झालं ज्याला मी आधी 'आठवडाभराचं' समजत होते. गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात तेल, सांडपाणी, काचा, एक चप्पलेचा अंगठा. हातमोजे घालून निवडायचा, बादलीभर पाण्यात ढवळायचा, अर्धा मिनिट थांबायचं. वाळू तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत हलक्या हातानं ओतायचं आणि ते दोन दिवस निवळू द्यायचं. असं पाच-सहा वेळा. शेवटी जो साका राहतो तो लोण्यासारखा. ताटात पसरून गच्चीवर वाळवायचा, खलायचा, जुन्या साडीतून गाळायचा. एक डबा गाळातून वाटीभर पूड निघाली की मी खूश. बांधणीला बाभळीचा डिंक, दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवून, वर थोडा मध, म्हणजे रंग ठिसूळ होत नाही.

मी सुट्ट्यांमध्ये येऊन, पुढे लॉकडाऊनमध्ये इथेच अडकून, अकरा कॅनव्हास केले. अकराच्या अकरा गेले. आधी बुरशी. पावसाळ्यात डिंक आणि मध म्हणजे बुरशीला पंगत. पांढरे ठिपके पाहून मला आधी वाटलं, बरं दिसतंय. चार दिवसांनी ते हिरवे झाले. त्यावर लवंगेच्या तेलाचे थेंब हा उपाय सापडला. पण दुसरं दुखणं मोठं होतं. न्यायला सोपे पडावेत म्हणून मी कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळले, आणि उलगडले तेव्हा रंगाच्या खपल्या मांडीवर पडल्या. डिंक कॅनव्हासबरोबर वाकत नाही, तडकतो. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलेलं होतं. जी. डी. आर्टची परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झालेय, हेही इथे सांगून टाकते.

आप्पांनी खपल्या बघितल्या. म्हणाले, "हलणाऱ्या जाग्यावर कशाला लावतीस? प्लायवूड घे. अस्तर मार, लांबी भर, घास, मग काय लावायचं ते लाव."

लांबी म्हणजे खडूच्या पुडीची लुकण. पाटी रंगवण्याआधी लाकडाच्या चिरा भरायला बोर्ड पेंटर वापरतात ती. माझ्यासाठी त्यांनी ती तेलाऐवजी सरसात कालवली, पत्र्यानं ओढली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, परत ओढली. चार हात. पृष्ठभाग असा झाला की गाळाचा रंग त्यात शिरायचा आणि तिथेच बसायचा. युरोपातल्या लाकडी फळ्यांवरच्या जुन्या चित्रांखाली खडू आणि सरसाचं असंच अस्तर असतं, हे मी कॉलेजात वहीत उतरवून घेतलं होतं. घरात तो माणूस रोज तेच करत होता आणि मी त्याला 'पाट्या रंगवणं' म्हणत होते. (मैत्रिणींना तर 'वडील कमर्शियल आर्टिस्ट आहेत' असं सांगायचे.)

फिका रंग हवा होता. तो शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून मिळाला. २०१९ला गणपती २ सप्टेंबरला होते आणि पाणी आलं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मूर्ती ऐन रंगकामाला आलेल्या. शाडूच्या होत्या त्या जागेवर विरघळल्या. आमच्या ओळखीच्या एका कुंभारमामांच्या शेडमागे ती शाडू ढीग करून ठेवलेली. मागायची मला हिंमत होईना. शेवटी मामाच म्हणाले, "न्ये की. प्रतिष्ठा झालेली न्हवती. मातीच ती." वर असंही म्हणाले की चित्र काढशील तेव्हा पायदळी येईल असं काही काढू नको. मी तो रंग कधीच रेघेच्या खाली वापरला नाही. सगळीकडे वर आहे. माहितीपत्रकात हे लिहिलं नव्हतं.

चित्रांत काय होतं? भिंती. दुकानाचं शटर, दळपाच्या गिरणीचा खांब, देवळाच्या कट्ट्यामागची भिंत, एका घरातला दहावीच्या निकालाचा फोटो, अर्धा रेघेच्या वर आणि अर्धा खाली. माणूस एकाही चित्रात नाही, पाणी तर नाहीच. पाणी काढून बघितलं होतं मी, तीनदा. बातम्यांतल्या फोटोंवरून. चांगलं जमलं होतं, पण फोटोवरून काढलंय हे मला दिसत होतं.

मग २०२१ आला. जुलैत परत पाणी, या वेळी ५६ फुटांच्याही वर. तोवर पुण्याची नोकरी सोडून मी इथेच आले होते, म्हणजे हा पूर मी पाहिला. रात्री दोनला जिन्याच्या पायऱ्या मोजत बसले होते. चौथी गेली, पाचवी गेली. पाण्याचा आवाज होत नाही, हे मला माहीत नव्हतं. डबे एकमेकांवर आपटल्याचा येतो तेवढाच. सकाळी होडी आली. हा पूर मला आजवर रंगवता आलेला नाही. गाळ भरून ठेवलाय, पूडही केलीय, पण फळीसमोर बसलं की हात चालत नाही. पाहिलं नव्हतं तेच काढता आलं, असं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुकानातली जुनी रेघ त्या पाण्यात गेली, लाल काठासकट. आता तिथे नवी आहे, हातभर वर.

तर मनोगत. आप्पांच्या त्या प्रश्नानंतर मी कागद फाडला आणि चार ओळी लिहिल्या: मी त्या वेळी इथे नव्हते. आले तेव्हा भिंतींवर रेघ होती. रंग त्याच गाळाचे आहेत. फळ्यांची लांबी वडिलांनी भरली. छापणाऱ्यानं फोन करून विचारलं, "मॅडम, पुढचा मजकूर यायचाय का?"

प्रदर्शन शाहू स्मारक भवनात झालं, दसरा चौकात. सतरा चित्रं, लहानमोठी. मी ती मध्य साधून लावणार होते, सगळे लावतात तशी. आप्पा हॉलच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "वर-खाली कसं चालंल? पाणी काय परत्येक घरात येगळं थांबतंय?" मग त्यांनी दोरी काढली. निळीत बुडवून दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची, भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. ४ फूट १० इंचांवर त्यांनी हॉलभर दोरी मारली आणि प्रत्येक चित्रातली रेघ त्या रेघेवर आणली. त्यामुळे काही चित्रं फारच वर गेली, दोन जवळजवळ जमिनीला टेकली. दार उघडून आत आलं की चित्रं दिसायच्या आधी पाणी कुठवर होतं ते दिसायचं.

एक हॉटेलवाले दोन चित्रं घ्यायला तयार झाले, फक्त 'ती मधली रेघ तेवढी काढून देता का' असं म्हणाले. एकानं किंमत वाचून बायकोला मोठ्यानं सांगितलं, "गाळाचे! आपण फुकट टाकून दिला की." मला दोघांचाही राग आला नाही. पण बहुतेक लोक चित्रांकडे फार वेळ बघतच नव्हते. ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि हात आडवा धरायचे. आमच्यात इथवर. आमच्यात याच्यावर, पंख्याला. एक आजी आल्या, बहुधा नदीकाठच्या चिखली गावच्या. त्यांनी हात डोक्यावर नेला, मग आणखी वर, मग सुनेला म्हणाल्या, "तू धर, माझा पुरत न्हाई." सून चवड्यांवर उभी राहिली. मग म्हशींचं सांगत बसल्या. दोन सुटल्या, एक गोठ्यातच राहिली. मी ऐकत होते. लोकांना वाटत होतं ही सगळी गोष्ट मला आधीच माहीत असणार, म्हणूनच मी चित्रं काढली. मला ती तिथेच कळत होती, चित्रं टांगून झाल्यावर.

चार चित्रं विकली गेली. फळ्यांचा आणि हॉलचा खर्च निघाला, त्याहून जास्त काही नाही.

शेवटच्या दिवशी भिंत होती तशी करून द्यायची होती. आप्पा खाली टेम्पोवाल्याशी बोलत होते, मी ओलं फडकं घेऊन निळी रेघ पुसायला लागले. नीळ ओल्यानं पुसायची नसते. दोन फुटांत सगळी भिंत आकाशी झाली. आप्पा वर आले, फडकं माझ्या हातातून घेतलं, बाकीची रेघ कोरड्या कपड्यानं झटकून काढली आणि टेम्पोवाल्याला थांबायला सांगून दुकानात गेले. पांढरा डिस्टेंपर आणि दोन इंची ब्रश घेऊन आले. दोन फूट भिंत रंगवली. जुळेना. थोडा पिवळा घातला, तरी जुळेना. मग जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं घेऊन डब्यात ढवळली, तेव्हा मिळाला.