दसरा ते दिवाळी: मेरीलँडच्या खेकड्यांसोबत एक दुपार

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक खाडीतला निळा खेकडा खरा भरतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नेमके तेच दिवस आमच्या घरांत सोवळ्याचे. गणपती उरकले की पितृपक्ष, तो संपतो न संपतो तोच घट बसतात. म्हणजे उरतो तो दसरा ते दिवाळीच्या मधला काळ. तीन वर्षं "या वेळी नक्की" म्हणत आम्ही तो हुकवत होतो. शेवटी गेल्या ऑक्टोबरात कोजागिरीनंतरच्या शनिवारी सहाजण निघालो: मी, नवरा, वेंगुर्लेकर भावोजी आणि वहिनी, एक नागपूरकर आणि माझी पुण्याची शाकाहारी मैत्रीण. ती का आली, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

निघण्याआधीच भावोजींनी कालनिर्णय काढलं. "पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले. पोकळ कुर्ल्या मिळतील, बघा." कोकणात हे सगळ्यांना पाठ असतं, अमावास्येचे खेकडे भरलेले आणि पौर्णिमेचे रिकामे. पण अमावास्येला दिवाळी. तेव्हा त्यांचं म्हणणं नोंदवून घेऊन आम्ही गाडी काढली.

आम्ही उत्तर व्हर्जिनियातले. जायचं होतं केंट नॅरोजला. अ‍ॅनापोलिसच्या पुढे बे ब्रिज ओलांडला, केंट बेट पार केलं की एक अरुंद सामुद्रधुनी लागते. तिच्या दोन्ही काठांना खेकड्यांची रेस्टॉरंटं आहेत, इकडे त्यांना क्रॅब हाउस म्हणतात. पूल जवळपास सात किलोमीटरचा. एक पूल १९५२ चा, त्याच्या शेजारचा दुसरा १९७३ चा. मधोमध तो इतका उंच चढतो की नागपूरकरांनी गप्पा थांबवून समोर बघायला सुरुवात केली. टोल फक्त पूर्वेकडे जाताना लागतो आणि रोख घ्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं. ईझी-पास (गाडीत लावायचं टोलचं यंत्र) नसेल तर बिल घरी येतं आणि ते महाग पडतं. भाड्याची गाडी असेल तर टोलचं कसं, ते घेतानाच विचारा.

उन्हाळ्यात शनिवारी सकाळी हा पूल समुद्रकिनाऱ्यावर जाणाऱ्यांनी तुंबलेला असतो आणि रविवारी संध्याकाळी परतणाऱ्यांनी. आम्ही ऑक्टोबर म्हणून निर्धास्त होतो, तर पुढे कुठेतरी अपघात झालेला. दीड तासाचा रस्ता अडीच तासांचा झाला. न्यू जर्सीकडून येणाऱ्यांना मात्र हा पूल लागतच नाही. डेलावेअरमधून ३०१ नंबरचा रस्ता धरला की मागच्या बाजूने थेट इथे पोचता येतं.

रेस्टॉरंटचं नाव देत नाही, कारण आमची पहिली फजिती तिथेच झाली, आणि चूक बरीचशी आमचीच. टेबल आधी धरून ठेवत नाहीत हे फोनवर कळलं होतं. पण टेबल धरत नसले तरी खेकडे बाजूला ठेवतात, हे विचारायचं सुचलंच नाही. पाऊण तास थांबून जागा मिळाली तोवर मोठ्या आकाराचे दोनच डझन उरले होते. आमच्या मागच्या टेबलाला मध्यमवर भागवावं लागलं. तेव्हा फोन करा आणि नेमकं बोला: इतके डझन, या आकाराचे, या वेळेला, या नावाने.

आणि उपाशी जाऊ नका. तिघांनी "आता तिथेच जेवायचं" म्हणून नाश्ता केला नव्हता. खेकड्याने भूक भागत नाही. एका खेकड्यातून निघतं मूठभरही नाही असं मांस, आणि नवख्याला ते काढायला पंधरा मिनिटं. आधी सूप, मक्याची कणसं आणि हश पपीज मागवा. हश पपीज म्हणजे मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे, आपल्या भज्यांचे लांबचे चुलतभाऊ. मग निवांत बसा. आम्ही उठलो तेव्हा तीन तास झाले होते.

आत शिरताच कानावर येतो तो आवाज. प्रत्येकाच्या हातात लाकडी मोगरी आणि साठ-सत्तर माणसं एकदम ठोकतायत. पुण्याची मैत्रीण म्हणाली, "तांबट आळीत आल्यासारखं वाटतंय." लांबलचक टेबलांवर तपकिरी कागद अंथरलेला. ताटं नाहीत. मधे कागदी टॉवेलचा अख्खा रोल उभा आणि कवचं टाकायला बादली. बाहेर लाकडी धक्क्यावरही टेबलं होती. लोक आपापल्या बोटी तिथेच बांधून जेवायला येत होते. कोपऱ्यात गिटारवाला, एका टेबलावर कुणाच्या तरी आजीचा वाढदिवस. आमची वाढपीण पन्नाशीची, सगळ्यांना "हॉन" म्हणणारी. बाल्टिमोरकडची ही सवय आहे, आपल्याकडे "बाळा" म्हणावं तशी. भावोजींना या वयात बाळा ऐकून बरं वाटलं.

मेनूकार्डावर खेकड्यांसमोर किंमत नसते, "बाजारभाव" लिहिलेलं असतं. लाजू नका, विचारा. आम्हाला मोठे डझनाला नव्वद डॉलर पडले. पुरवठा कमीजास्त होतो तसा भाव हलतो. २०२२ च्या हिवाळी मोजणीत सगळ्या खाडीत मिळून साधारण २२ कोटी ७० लाख खेकडे असल्याचा अंदाज निघाला होता, १९९० मध्ये मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. दुसरं विचारायचं ते म्हणजे खेकडे कुठले. मेरीलँडचा हंगाम एप्रिल ते नोव्हेंबर. पण इथल्या टेबलांवर लुइझियाना, टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायनाचेही बरेच येतात. आमचे खाडीतलेच आहेत असं वाढपिणीने सांगितलं.

नर की मादी हेही ठरवावं लागतं. खेकडा उलटा केला की पोटावर एक झडप दिसते. नराची झडप लांब, टोकदार, वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभासारखी. वयात आलेल्या मादीची गोल, कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या घुमटासारखी. मादीच्या नांग्यांची टोकं लालचुटुक, नेलपॉलिश लावल्यागत. इथे मान नराचा, पैसेही त्याचेच जास्त. वहिनींना हे अजिबात पटलं नाही. "मादीत गाभोळी असते, आणि ही माणसं तिलाच स्वस्तात विकतात?"

मग वाढपिणीने परात आणली आणि सरळ कागदावर उपडी केली. लालभडक खेकड्यांचा ढीग, प्रत्येकावर मसाल्याचं जाड पुट. इथे खेकडे पाण्यात उकळत नाहीत, वाफवतात, आणि मसाला कवचावर थापतात. कवच तर आपण खाणार नाही, मग मसाला वाया नाही का? नाही. तो तुमच्या बोटांना लागतो आणि बोटांवाटे मांसाला. चमचा मागून हे जमणार नाही.

नवखा माणूस मोगरी उचलतो आणि दणादण सगळा खेकडा ठेचतो. नागपूरकरांनी तेच केलं. कवचाचे तुकडे मांसात घुसले आणि ते पुढची दहा मिनिटं थुंकत बसले. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांना हे बघवेना. ते उठून आले, बसलेसुद्धा, आणि त्यांनी शिकवलं. पोटाखालची झडप नखाने उचलून मागे ओढायची. तिथेच अंगठा घालून पाठीचं कवच उघडायचं. दोन्ही बाजूंचे राखाडी, पिसांसारखे कल्ले काढून टाकायचे, ते खायचे नसतात. मग धड मधोमध मोडायचं आणि पाय मुळाशी धरून हळूच पिळत ओढायचे. सर्वांत मागच्या, वल्ह्यासारख्या पायाबरोबर पांढऱ्या मांसाचा एक सबंध गोळा बाहेर येतो. त्यासाठी ही सगळी खटपट.

मोगरी लागते ती फक्त नांग्यांना. तिथेही ठोकायचं नांगीवर नाही, सुरीवर. सुरीची धार नांगीच्या मध्यावर टेकवायची, मोगरीने तिच्या पाठीवर एक हलकी टिचकी, कवच अर्धंच चिरलं पाहिजे. मग दोन हातांनी मोडलं की मांस अख्खं, दांडीवरच्या कुल्फीसारखं निघतं. मला तिसऱ्या नांगीला जमलं आणि मी इतक्या जोरात ओरडले की आजीच्या वाढदिवसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

भावोजी हे सगळं हसत बघत होते. ते दातांनीच फोडत होते.

आत एक पिवळसर लगदा असतो, त्याला इथे "मोहरी" म्हणतात. ती मोहरी नव्हे, खेकड्याच्या यकृतासारख्या अवयवाचा भाग आहे. काहीजण चवीने खातात, काहीजण धुऊन टाकतात. पाण्यातली घाण तिथेच साठते म्हणून जपून खा, असं आजोबा म्हणाले, आणि स्वतःची बोटं चाटून पुसली.

मसाल्याबद्दल थोडं. ओल्ड बे हे नाव इथल्या प्रत्येक भारतीय दुकानाबाहेरच्या जगात मीठ-मिरीइतकं रुजलेलं आहे. हा मसाला तयार केला गुस्ताव ब्रुन या जर्मन ज्यू मसालेवाल्याने. नाझींच्या छळातून सुटून तो बाल्टिमोरला आला आणि १९३९ मध्ये तिथल्या मासळीबाजाराजवळ धंदा मांडला. नाव पडलं बाल्टिमोरहून नॉरफोकला जाणाऱ्या जुन्या बोट कंपनीवरून. १९९० पासून हा मसाला मॅकॉर्मिक कंपनीकडे आहे. सेलरीचं मीठ, पॅप्रिका, लाल तिखट, मिरी अशी चव. गंमत म्हणजे बऱ्याच क्रॅब हाउसांत कवचावर थापलेला असतो तो ओल्ड बे नसून जे. ओ. नावाचा, जाड मिठाचा मसाला. आपल्या जिभेला दोन्ही तिखट नाहीत, खारट आहेत. पण त्या हाताने डोळा चोळू नका. नागपूरकर, "आमच्या सावजीपुढे हे काय?" असं म्हणाले आणि पुढच्याच मिनिटाला डोळे धुवायला धावले. बोटाला चीर असेल तर तीही आठवण करून देते. ओले टिश्यू आणि लिंबू घरूनच न्या, चांगले कपडे घरीच ठेवा.

पुण्याच्या मैत्रिणीचं काय झालं? कणीस, कोलस्लॉ, फ्राइज. हश पपीज तिने सोडले, कारण ते मासे तळायच्याच तेलात तळलेले होते. लाल, भाज्यांनी भरलेलं मेरीलँड क्रॅब सूप "यातला खेकडा बाजूला काढला तर?" असं तिने विचारलं. तोही नाद सोडा, त्यात बऱ्याचदा बीफचं पाणी असतं. बीफ न खाणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावं. तिची भरपाई झाली ती स्मिथ आयलंड केकने, आठ-दहा पातळ थरांचा हा केक मेरीलँडचं अधिकृत राज्य-मिष्टान्न आहे, २००८ पासून. ज्यांना ठोकाठोक नको त्यांनी क्रॅब केक, म्हणजे खेकड्याच्या मांसाची टिक्की घ्यावी, तळलेली नव्हे, भाजलेली. त्यातलं मांस आयतं येतं. ते सोलणाऱ्या बायका पुष्कळदा मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर आलेल्या असतात. एक खेकडा सोलून झाल्यावर त्यांच्या हातांबद्दल वेगळाच आदर वाटतो.

राहिला पौर्णिमेचा प्रश्न. दोन डझनांतले चार हलके निघाले, आत पाणीच पाणी. भावोजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वाढपिणीला विचारलं तर म्हणाली, चंद्राचं इथेही मानतात. मे महिन्यातल्या पहिल्या पौर्णिमेला खेकडे कात टाकायला लागतात असं जुने मच्छीमार सांगतात. कात टाकलेला खेकडा मोठ्या कवचात लहान असतो, म्हणून पोकळ. आणि एक दिलासा: हलका निघाला तर सांगा. आम्ही सांगितलं, तिने दोन बदलून दिले. उचलूनच कळतं, भरलेला हाताला जड लागतो.

हिशेब: दोन डझन, एक क्रॅब केक, दोन सूप, बाकीचं सटरफटर आणि बिअरचा एक जग, टिप धरून माणशी साठ डॉलर. कर मेरीलँडमध्ये सहा टक्के, दारूवर नऊ. सहाजण किंवा जास्त असतील तर टिप बिलात आधीच धरलेली असू शकते, बघून घ्या, नाहीतर दोनदा दिली जाते. आमच्यात नवऱ्याने बिअर घेतली नाही. गाडी त्यालाच चालवायची होती, आणि तो पूल परत होताच.

निघताना वहिनींनी वाढपिणीकडून दोन मोठे डबे मागून घेतले. सगळ्यांनी बाजूला टाकलेले बारीक पाय त्यात भरले. शेजारच्या आजोबांनीही आपल्या टेबलावरचे पाय आणून दिले, कशाला ते न विचारता. गाडीला तीन दिवस वास होता. रविवारी वहिनींनी ते पाय वरवंट्याने ठेचून, गाळून, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात कालवण केलं आणि आम्हाला बोलावलं. पहिल्या घासाला सगळे गप्प. नुसतं मीठ! मसाल्याचं पुट तसंच राहिलं होतं आणि वरून त्यांनी सवयीने मीठ घातलेलं. दोन नारळांचं दूध आणि चार बटाटे घालून ते खाण्याजोगं झालं. तुम्ही आणलेत तर ठेचण्याआधी तीन पाण्यांनी धुवा, आणि मीठ अगदी शेवटी, चाखून.