बॅरन रडतो तेव्हा

परवा शनिवारी रात्री मी विचर थ्री परत काढला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा २०१५ चा गेम, माझी ही तिसरी वेळ, आणि दर वेळी मी व्हेलनमध्ये येऊन अडकतो. म्हणजे गेम नाही अडकत, मी अडकतो. व्हेलन म्हणजे युद्धाने पार चेचलेला दलदलीचा मुलूख, झाडांना लटकलेली प्रेतं, उपाशी खेडी, आणि क्रोज पर्चच्या गढीवर बसलेला फिलिप स्ट्रेंगर. हा साधा शिपाईगडी, गोंधळात गढी बळकावून स्वतःच बॅरन झालेला, लोक त्याला ब्लडी बॅरन म्हणतात. बायको आणि मुलगी दोघी गायब आहेत, शोधून दे, मग मी तुला हवी ती माहिती देतो, असा त्याचा सौदा. (दहा वर्षं होऊन गेली, आता स्पॉयलरची तक्रार ऐकून घेणार नाही.)

मग आपला गेराल्ट, म्हणजे आपण ज्याला खेळवतो तो राक्षसांचा शिकारी, घरभर हुंगत फिरतो. जमिनीवर सांडलेल्या वाइनचे डाग, भिंतीवर एक चित्र उगाच नको तिथे लावलेलं, ते सरकवलं की मागे भिंतीला पडलेलं भगदाड. गावाबाहेर एक पेलर राहतो, आपल्याकडे ज्याला भगत म्हणतील तसा, त्याला विचारावं तर त्याची बकरी हरवलेली. बकरीचं नाव प्रिन्सेस. ती घंटी वाजवत वाजवत घरी आणून द्यायची. एवढा गायब बायको-मुलीचा तपास चाललाय आणि मध्येच बकरी, पण खऱ्या आयुष्यातही असंच असतं, पोलीस चौकीत बसलेलो असताना घरून फोन येतो की येताना दूध आण.

शेवटी बॅरन कबूल करतो. हो, प्यायचो, हो, मारलं, बायको पोटुशी होती, बाळ गेलं. ते बाळ त्याने नाव न ठेवता, विधी न करता पुरलेलं, आणि अशा बाळाचं या दुनियेत भूत होतं. गेराल्टने त्या भुताला तलवारीने मारलं तरी चालतं, पण दुसरा मार्ग म्हणजे बापाने ते स्वतःच्या हातांवर उचलून घरापर्यंत न्यायचं, उंबऱ्याशी पुरायचं आणि नाव द्यायचं. तो नेतो. एवढा ढेरपोट्या, दाढीवाला गडी ते भेसूर वळवळणारं काहीतरी छातीशी धरून चालतोय आणि आवाज कापतोय. डेआ नाव ठेवतो. मी तिन्ही वेळा इथे गप्प झालोय.

या वेळी बायको सोफ्यावर सहावीचे पेपर तपासत बसली होती. लाल पेन थांबलं. म्हणाली, "म्हणजे हा दारू पिऊन बायकोला मारायचा, आणि आता रडतोय म्हणून तुला त्याची दया येतेय?"

म्हटलं तसं नाही गं, गोष्ट गुंतागुंतीची आहे. तो सतत युद्धावर असायचा, मागे त्याच्या बायकोचं, म्हणजे अ‍ॅनाचं दुसऱ्या एकाशी जुळलं, ह्याने परत येऊन त्या माणसाला मारून टाकलं, मग दोघांचं आयुष्यच नासलं. आणि बाळ ह्याच्या मारानेच गेलं असंही नाही, अ‍ॅनाने स्वतःच दलदलीतल्या डाकिणींशी सौदा केला होता की पोट रिकामं करा, बदल्यात वर्षभर तुमची चाकरी करते.

"हे सगळं सांगितलं कोणी?"

थोडं अ‍ॅनाचं पुढे कळतं, पण बाकीचं त्यानेच, म्हटलं. बॅरननेच.

"हं," म्हणाली आणि पेपरवर काहीतरी मोठं वर्तुळ काढलं.

मी पॉज करून बसलो. कारण अ‍ॅना आपल्याला आधीच भेटलेली असते. दलदलीत अनाथ पोरं सांभाळणारी एक म्हातारी, पोरं तिला ग्रॅन म्हणतात, अर्धवट भ्रमिष्ट. आपण तिच्याशी दोन वाक्यं बोलतो, ओळखत नाही आणि पुढे जातो. बॅरनला पानंच्या पानं डायलॉग, खोकत, थांबत, ग्लास भरत. तिच्या वाट्याला तुटक बडबड. आणि रस्त्यावरच्या लुटारूंना तर काहीच नाही, परवा एका दुपारीच मी वीसेक कापले असतील, एका पेटीतल्या गंजक्या तलवारीसाठी. त्यांच्याही घरी कुणी असेल, पण त्यांना रडायला सीनच दिलेला नाही.

आता इथे कोणीतरी लगेच कर्ण काढेल, आपल्याकडे व्हिलनचा विषय निघाला की दहा मिनिटांत कर्ण येतोच, त्यामुळे मी तो बाजूला ठेवतो. पण या खेळांच्या आजोबाकडे बघण्यासारखं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, कागद आणि फासे घेऊन टेबलावर खेळायचा खेळ, १९७४ साली आला तेव्हा नीतीचे तीनच खाने होते, लॉ म्हणजे शिस्त, केऑस म्हणजे बेशिस्त, आणि मधला न्यूट्रल. मग त्याचे नऊ झाले, लॉफुल गुडपासून केऑटिक इव्हलपर्यंत, आणि १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये प्रत्येक राक्षसापुढे त्याचा खाना छापूनच आला, उंची आणि दातांच्या माहितीसारखा. त्यात ऑर्क नावाची राक्षसांची जमात लॉफुल इव्हल होती. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि ऑर्क केऑटिक इव्हल झाले. अख्खी जमात शिस्तीत दुष्ट होती ती बेशिस्त दुष्ट झाली, आणि ऑर्कांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या मानाने बॅरन म्हणजे केवढी प्रगती, असं मला वाटायचं. आता नक्की सांगता येत नाही, कारण ह्यातही खाना आहेच, फक्त तो कोण किती बोलतो त्यावर ठरतो.

डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहायचे. दिवाळीच्या आधी महिनाभर त्यांच्या दारात आम्हा पोरांचा अड्डा. कामट्या तासायच्या कशा, गाठ कुठे मारायची, खळ किती पातळ ठेवायची म्हणजे कागद सुरकुतत नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या षटकोनी कंदिलाची एक बाजू नेहमी वाकडी व्हायची, ते न बोलता सोडून परत बांधून द्यायचे. आणि पगाराच्या रात्री वरपर्यंत आवाज यायचे. भांडं पडल्याचा, मग काकांचा, मग बराच वेळ कोणाचाच नाही. सकाळी काकू नळावर पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेऊन यायच्या, उन्हाळ्यातसुद्धा. बिल्डिंगमधले म्हणायचे, माणूस सोन्यासारखा, दारू वाईट. आई फक्त एवढंच म्हणायची, "जा कंदील करायला, पण उजेड आहे तोवर परत ये." आम्ही जायचो. काकू आम्हाला मुरमुऱ्याचे लाडू द्यायच्या. त्या काय बोलायच्या हे मला आज एक वाक्यही आठवत नाही, काकांचे मात्र डायलॉगच्या डायलॉग पाठ आहेत.

रविवारी मी पुढे खेळलो. कुजबुजत्या टेकडीखालच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याला मोकळं केलं तर दलदलीतली पोरं वाचतात, पण अ‍ॅना डाकिणींच्या शापाने मरते आणि बॅरन गढीतल्या झाडाला गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर पोरं डाकिणींच्या तोंडी, अ‍ॅना जगते पण डोकं ठिकाणावर नाही, आणि बॅरन तिला घेऊन निळ्या डोंगरांतल्या कुठल्याशा वैद्याकडे निघतो. आधी दोनदा मी पोरं वाचवली होती. या वेळी दुसरं करून बघितलं. बॅरन निघाला, मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

बायकोने मान वर न करता विचारलं, "तिला विचारलं का, त्याच्याबरोबर जायचंय का?"

मी खरंच शोधलं. सगळ्या ओळी उघडून बघितल्या. तसा पर्याय नाहीये.

काका जाऊन सहा वर्षं झाली. काकू आता मुलाकडे बदलापूरला असतात, मागच्या दिवाळीत फराळ द्यायला गेलो होतो. गॅलरीत प्लास्टिकचा चिनी कंदील लुकलुकत होता. मला बोलल्याशिवाय राहवेना, म्हटलं, काकू, काकांच्या कंदिलाची सर नाही बरं का ह्याला. त्या कंदिलाकडे बघत राहिल्या थोडा वेळ.

"हो, कंदील छान करायचे," म्हणाल्या, आणि चहात साखर किती घालू विचारत आत गेल्या.